मगदूम मास्तरांची सही

मगदूम मास्तरांची सही फार सुंदर होती. आमच्या शाळेच्या हजेरीपटात आम्हा चार मास्तरांच्या सह्या रोज एकाखाली एक पडत. तिघांच्या सह्या म्हणजे कोंबडीनं उकरल्यासारख्या. चौथी मात्र पोरांना पाटीवर गिरवायला द्यावी अशी, 'भू. आ. मगदूम'. सही करण्याआधी ते समोरचा कागद वरपासून खालपर्यंत वाचायचे. हजेरीपट असला तरी वाचायचे. मग टाक झटकायचे, निब धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि एका दमात सही उमटवायचे. हेडमास्तर वैतागून म्हणत, "अहो मगदूम, हजेरीपटात काय नवीन लिहिलंय?" त्यावर मास्तर शांतपणे म्हणत, "न्हाय लिहिलेलं, हे वाचल्यावर कळलं."

सदलग्याच्या अलीकडं दोन कोसांवर, दूधगंगेच्या काठी आमचं गाव. निम्मी वस्ती जैन शेतकऱ्यांची. घरात कन्नड, दारात मराठी. काळ्या रानात तंबाखू. मी निपाणीहून तिथं धाकटा मास्तर म्हणून आलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मगदूम मास्तर पंचेचाळिशीचे. उंच, वाळके, मान पुढं काढून चालणारे. डोक्याला काळी टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. मावळतीच्या आत जेवण. मुंगीच्या रांगेला वळसा घालून जाणार. आमच्या शाळेच्या खिडक्यांच्या चौकटींत कुंभारीण माशी मातीची घरं बांधायची. ती पाडायला मास्तरांची मनाई होती. पोरं मागं त्यांना 'कुंभारणीचा नवरा' म्हणायची. मास्तरांना हे ठाऊक होतं. एकदा वर्गात म्हणाले, "नवरा व्हायला तिनं पसंत कराय पायजे रं मला."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दिसलं ते सांग. वाटलं ते सांगू नको." एखादं पोर धापा टाकत आलं आणि म्हणालं, "मास्तर, वढ्याला ह्यो एवढा नाग!" की मास्तर त्याला उभं करायचे. "फणा बघितलास?" "न्हाय." "शेपूट?" "शेपूट दिसलं." "मग शेपूट दिसलं म्हण. नाग तुझ्या डोस्क्यात हाय." असल्या माणसाबरोबर संसार करणं सोपं नव्हतं. त्यांची बायको चंपाक्का मला म्हणायची, "आमचं ह्येनी दारात पाऊस वाजाय लागला तरी हात बाहीर काढून बघत्यात, मग म्हणत्यात, व्हय, पडतोय."

एका वर्षी दिपोटीसाहेब शाळा तपासायला आले. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं, शाळा व आवार स्वच्छ आहे. खाली मास्तरांनी साक्षीदार म्हणून सही करायची होती. मास्तरांनी वाचलं आणि म्हणाले, "साहेब, आवार स्वच्छ न्हाय. व्हरांड्यात दोन शेळ्या बसल्यात. लेंड्या हाईत." साहेब हसले, शेरा बदलला. हेडमास्तर पुढं महिनाभर मगदुमांशी बोलले नाहीत. मला त्या वेळी वाटलं होतं, हा माणूस वेडा आहे पण विकत मिळणार नाही. पहिलं चुकीचं होतं. दुसरं बरोबर होतं. मास्तर विकले गेले नाहीत. जे झालं ते निराळंच.

लढाईचे दिवस होते आणि चळवळीचेही. आमच्या गावचा सातगोंडा पाटील, बावीस-तेवीस वर्षांचा, मगदूम मास्तरांचाच विद्यार्थी, तारा तोडल्याच्या आरोपावरून चार महिने परागंदा होता. एका सकाळी आम्ही शाळा उघडतो आहोत तोवर बातमी आली, सातगोंडा त्याच्या चुलत्याच्या तंबाखूच्या वखारीत सापडलाय आणि पोलिसांनी वखार घेरलीय.

वखार गावापासून हाकेच्या अंतरावर. दगडी भिंती, वर कौलं, एक दार रस्त्याकडं, एक खिडकी नदीकडं. पोलीस दोन तुकड्यांनी आले होते. एक रस्त्याच्या बाजूला बांधाआड, दुसरी नदीच्या बाजूला बाभळींत. मध्ये वखार. शाळेच्या माळावरून सगळं दिसत होतं. आम्ही चार मास्तर आणि गाव तिथं उभं होतं.

फौजदार ओरडून सांगत होते, "हात वर करून बाहेर ये!" आतून सातगोंडाचा आवाज आला, "गावातली चार माणसं आणा. त्येंच्या देखत येतो. एकटा आलो तर तुमी माराल." फौजदारांनी माणसं बोलावली नाहीत. गावातलं कुणी आपण होऊनही पुढं गेलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण पुढं गावानं हे सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलं. दोन तास असेच गेले. सातगोंडाची आई गंगाक्का माळावर उन्हात बसून होती. ती एकदाच म्हणाली, "कुनीतरी जावा की रं." कुणी मान वर केली नाही.

मग एकदम बार झाला. कुणी केला ते कळलं नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटल्या. कौलं फुटली, बाभळीच्या फांद्या तुटल्या. पाच-सात मिनिटं असतील. थांबलं तेव्हा नदीच्या बाजूला एक शिपाई पालथा पडला होता. सिदाप्पा नावाचा, नवीन भरती झालेला पोरगा. सातगोंडा हात वर करून दारातून बाहेर आला. त्याच्या खांद्याला कौलाचा तुकडा लागला होता, बाकी काही नाही. त्याला जमिनीवर पाडून बांधलं.

थोड्या वेळानं एक शिपाई शाळेत आला. पंचनाम्याला दोन शिकलेली माणसं हवी होती. हेडमास्तरांनी मगदुमांचं आणि माझं नाव सांगितलं. मी म्हणालो, माझ्या पोटात कळ येतेय. खरं तर काही येत नव्हतं. मगदूम मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, टोपी नीट केली आणि गेले. माझ्या जागी मल्लू शेटे या किराणा दुकानदाराला नेलं.

तिथं काय झालं ते मास्तरांनी त्याच दिवशी संध्याकाळी मला सांगितलं. वखारीत एक ठासणीची बंदूक सापडली. चुलत्याची, रानडुकरं हाकलायची, खुंटीला टांगलेली. मास्तरांनी ती जवळून पाहिली. नळीच्या तोंडाशी कुंभारणीचं घर होतं. सुकलेल्या मातीचा बुच्चा. म्हणजे त्या बंदुकीतून कित्येक दिवसांत बार निघालेला नव्हता. फौजदारांनी बंदूक उचलली, खांबावर दोनदा आपटली. माती खाली पडली. मग पंचनाम्यात लिहिलं गेलं : बंदूक खिडकीपाशी पडलेली मिळाली, नळी आतून काळी असून तिला ताज्या दारूचा वास येत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग सही केली."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "न वाचता?"

"वाचून. दोनदा वाचलं."

"मास्तर, धमकी दिली काय त्यांनी?"

"न्हाय." ते आपल्या तळहाताकडं बघू लागले. "फौजदार रडत होता. त्यो सिदाप्पा त्येच्या बहिणीचा पोरगा. प्रेताचं डोस्कं मांडीवर घेऊन बसलावता. कागद म्होरं केला आणि म्हणाला, मास्तर, एवढं करा, मी बहिणीला काय तोंड दाखवू. मला नको म्हणवंना. प्रेत म्होरं असताना मातीचा बुच्चा काय सांगत बसायचा, असं वाटलं."

आयुष्यभर 'वाटलं ते सांगू नको' म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी एकदाच काहीतरी वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात सातगोंडावर खुनाचा आरोप ठेवला गेला. आणि गावाला कंठ फुटला. न्हाव्याच्या ओट्यावर, नदीच्या घाटावर, बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर एकच विषय. सिदाप्पाला गोळी पाठीत लागली होती. प्रेत उचलणाऱ्या दोघांनी पाहिलं होतं. वखारीकडं तोंड करून झाडाआड बसलेल्या माणसाला वखारीतनं गोळी आली तर पाठीत कशी लागेल? दोन्हीकडून एकमेकांच्या रोखानं बार चाललेले, त्यात कुणीतरी घाबरून बाभळींतनंच मागून उडवली असेल. "पोलिसाची गोळी पोलिसालाच लागली," हे गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. डॉक्टरच्या कागदावर मात्र गोळी आरपार गेली, मिळाली नाही, एवढंच होतं.

सातगोंडाच्या बाजूनं बेळगावचे एक वकील उभे राहिले. ते साक्षीदार शोधायला गावात आले. प्रेत उचलणाऱ्यांपैकी एक म्हणाला, माझी लेक पोलीसपाटलाच्या घरात दिलीय. दुसरा कोकणात निघून गेला. न्हावी म्हणाला, मी फक्त ऐकलेलं सांगत होतो. वकील तीन दिवस राहिले. जाताना शाळेच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "तुमच्या गावात शंका भरपूर पिकते हो. साक्ष मात्र एक उगवत नाही." मी मान डोलावली. मी माळावरून काय पाहिलं, ते त्यांनी मला विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मगदूम मास्तर आपण होऊन वकिलांकडं गेले. वकिलांना हर्ष झाला. सरकारचाच पंच उलटतोय! त्यांनी मास्तरांना बजावलं, "फक्त एक करा. पंचनामा वाचायला दिला नाही, एवढं म्हणा. गर्दीत, घाईत, न वाचता सही घेतली. बाकी मी बघतो."

"पण वाचाय दिला होता," मास्तर म्हणाले.

"मास्तर, पोरगा फासावर जाईल."

"व्हय. म्हणून तर आलोय."

वकिलांनी डोक्याला हात लावला. त्यांनी चंपाक्काला गाठलं. हेडमास्तरांना गाठलं. मलाही सांगितलं, समजावा त्यांना. मी समजावलं. मास्तर म्हणाले, "एक खोटं मी लिहून बसलोय. त्येच्यावर दुसरं ठेवून पहिलं झाकंल काय रं?" याचं उत्तर मला आज सुचतं. झाकलं असतं. जगात रोज झाकतं.

बेळगावच्या कोर्टात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. आमच्या गावाहून दोन मोटारी भरून माणसं आली होती. साक्ष द्यायला नव्हे, बघायला. मल्लू शेटेची साक्ष आधी झाली. तो पंचनामा पाठ केल्यासारखा बोलला आणि उतरला. मग मगदूम मास्तर. स्वच्छ धोतर, काळा कोट, टोपी. बंदूक टेबलावर ठेवलेली होती, तेल लावून पुसलेली.

मास्तरांनी सांगितलं, नळीत कुंभारणीचं घर होतं.

सरकारी वकिलांनी विचारलं, "कुंभारणीचं घर म्हणजे?"

"एक माशी असते. ओल्या मातीचं घर बांधती. भोक दिसंल तिथं."

मागं कुणीतरी हसलं. हसणारा आमच्या गावचाच होता.

"ते घर आता कुठं आहे?"

"फौजदारांनी बंदूक आपटली तवा पडलं."

"ही सही कुणाची?"

"माझी."

"पंचनामा वाचायला मिळाला होता?"

सातगोंडाचे वकील खुर्चीत पुढं सरकले. मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. "मिळाला होता. दोनदा वाचला."

"यात लिहिलंय, दारूचा वास येत होता. येत होता?"

"न्हाय."

"म्हणजे खोटं आहे हे समजून तुम्ही सही केली?"

"व्हय."

"कुणी मारलं? धमकावलं?"

"न्हाय."

"मग का केली?"

फौजदार तिथंच, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मास्तर म्हणाले, "फौजदार रडत होते."

या वेळी सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीशांनी टेबल ठोकलं. मी फौजदारांकडं बघत होतो. ते हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली ती नंतर वर केलीच नाही. त्यांना काय माहीत होतं, हे देवाला आणि त्यांना ठाऊक.

सरकारी वकिलांनी शेवटचा प्रश्न विचारला, "मास्तर, तुमची सही खोटी का तुमची जीभ खोटी?"

"सही," मास्तर म्हणाले.

निकालात न्यायाधीशांनी लिहिलं की, जो साक्षीदार स्वतःच्या तोंडानं खोट्या कागदावर सही केल्याचं कबूल करतो, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता येत नाही. त्यामुळं मातीच्या घराची गोष्ट सोडून दिली. सातगोंडा दोषी ठरला. पण फाशी झाली नाही, जन्मठेप झाली. फाशी का टळली, यावर गावात वर्षभर वाद चालला. कुणी म्हणे पोराच्या वयामुळं. कुणी म्हणे साहेबाच्या मनात शंका राहिलीच. मगदूम मास्तरांमुळं असं कुणी म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

उलट जे मी ऐकलं ते असं : "मास्तरनं सही केली नसती तर खटलाच उभारला नसता." ज्यांनी दोन तास माळावर उभं राहून चार पावलं टाकली नाहीत, ते हे म्हणत होते. ज्यांनी पाठीतली जखम डोळ्यांनी पाहिली आणि तोंड शिवून घेतलं, ते म्हणत होते. गावाला एक माणूस हवाच होता, ज्याच्या गळ्यात सगळं घालता येईल. मल्लू शेटेचं दुकान जोरात चाललं. त्यानं एकच गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितली होती. अशा माणसाचा लोकांना त्रास होत नाही.

स्कूल बोर्डानं मास्तरांना नोकरीतून काढलं. कारण दिलं, सरकारी कागदावर खोटी सही. ते काही खोटं नव्हतं. मास्तरांनी हुकूम वाचला, पोच म्हणून सही मागितली तेव्हा शाईची गादी मागून अंगठा उमटवला. हेडमास्तर म्हणाले, "अहो, तुम्ही शिकलेले!" मास्तर म्हणाले, "असू दे." त्यानंतर तलाठ्याकडं, पोस्टात, सोसायटीत, जिथं जिथं गरज पडली तिथं त्यांनी अंगठाच दिला. तलाठ्याच्या वहीत 'निशाणी अंगठा, भूपाल आण्णा मगदूम' असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं. ज्यांना त्यांनी अक्षर शिकवलं होतं, ती पोरं तिथं सह्या करून जात होती.

ते भावाच्या शेतात राबू लागले. तंबाखूची पानं खुडताना त्यांचे हात चिकानं काळे होत. गंगाक्का एकदा त्यांच्या दारात आली. मी तेव्हा ओसरीवर बसलो होतो, जुन्या ओळखीनं कधीमधी जायचो. ती म्हणाली, "मास्तर, तुमचा हात बघू."

मास्तरांनी उजवा हात पुढं केला. तिनं तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटा केला, सुलटा केला. एखादी वस्तू घ्यायची का नाही ते ठरवताना बघावी तशी बघितली. मग सोडला आणि निघून गेली. चंपाक्का आत चुलीपुढं रडत होती. ती मला नंतर म्हणाली, "खरं बोलायचंच हुतं तर आधी बोलायचं हुतं की. न्हाय तर मग बोलायचंच न्हवतं. ह्येनी दोन्हीकडनं गेलं." गंगाक्का त्याच हिवाळ्यात वारली. पोराचं तोंड तिला दिसलं नाही.

लढाई संपली. प्रांतात आपली माणसं कारभारावर आली आणि चळवळीतल्या कैद्यांची सुटका सुरू झाली. त्यांत सातगोंडा सुटला. गावानं मिरवणूक काढायचं ठरवलं. वेशीला आंब्याच्या डहाळ्या, निपाणीहून बँड, सजवलेली बैलगाडी. सत्कार समितीत मल्लू शेटे होता. पहिला हार त्याच्या हातचा. प्रेत उचलणारा एक जण पुढं निशाण धरून चालला होता. हेडमास्तरांनी शाळेची पोरं ओळीत उभी केली होती. ओळ सरळ ठेवायचं काम माझ्याकडं होतं. मगदूम मास्तरांना कुणी बोलावलं नव्हतं.

बस्तीच्या कोपऱ्यावर ते दिसले. शेतातून येत होते, खांद्यावर खुरपं, डोक्याला टॉवेल. गल्ली अरुंद होती. गाडीला वाट द्यावी म्हणून ते भिंतीला चिकटून उभे राहिले. सातगोंडा गाडीत उभा होता. वाळलेला, केस निम्मे पिकलेले. त्यानं मास्तरांना पाहिलं आणि गाडीवानाला थांब म्हणाला. बँड दोन सूर पुढं जाऊन बंद पडला.

"मास्तर," तो म्हणाला, "तुमी कोर्टात बोललासा त्ये मी ऐकलंय. आणि त्याआधी सही केलासा त्येबी मला ठावं हाय. इतकी वर्सं आत बसून ह्योच इचार केला, भेटलासा तर तुमास्नी काय म्हणावं. अजून ठरंना झालंय."

मास्तर म्हणाले, "ठरवू नको, सातगोंडा. आईला जाळली तिथं जाऊन ये. कुनी न्हेणार न्हाय तुला आज."

मागून मल्लू शेटे ओरडला, "चला, चला, उशीर होतोय, भाषणं हाईत!" बँड पुन्हा वाजू लागला. गाडी हलली. सातगोंडा मान वळवून मागं बघत राहिला, गळ्यातले हार त्याच्या हनुवटीपर्यंत आलेले.

गर्दी पुढं सरकत होती आणि मास्तर तिच्या उलट दिशेनं, भिंतीला खांदा घासत, एकेका माणसाला वाट देत निघाले होते. कुणी त्यांना वाट दिली नाही. माझ्या जवळून गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं असावं. मला नक्की सांगता येत नाही. मी खाली वाकून एका पोराला ओळीत ढकलत होतो.